पाणसळ

घसरत्या गाडीचं ते पिवळं चित्र,
मागं दोन वाकड्या रेघा सोडणारं,
फक्त डावीकडं वळताना लागतं, खमीसकाका म्हणाले,
आणि तेही दुपारचं.
आधीच्या गॅरेजात चाकाचा सेन्सर बदलला,
अठरा रियाल.
दिवा दोन दिवस रजेवर गेला
आणि परत आला, सामानासकट.

सोहारच्या सनाइयात ऑगस्टमध्ये
उन्हात राहिलेला पाना फडक्यानं उचलावा लागतो.
शफीकुलनं स्कॅनर लावला.
चारही चाकं: शून्य, शून्य, शून्य, शून्य.
स्टिअरिंग सरळ. ब्रेकवर दाब नाही.
आणि खाली एका ओळीत
उणे चार अंश, दर सेकंदाला.

म्हणजे गाडी उभी,
मी तिच्यासमोर उभा,
आणि तिच्या पोटात कुणीतरी हळूहळू
स्वतःभोवती वळतंय.

बिघडलेले सेन्सर बरेच पाहिले.
बहुतेक घाबरून एकदम शंभर सांगतात
नाहीतर तोंडच उघडत नाहीत.
हा थोडंसंच खोटं बोलत होता.
थोडंसं खोटं सापडायला
अख्खा दिवस जातो.

दोन सीटांमधला कन्सोल उघडला, आठ स्क्रू.
खजुराच्या बिया, पाच बैसांचं नाणं,
लहान पोराचा एक मोजा.
मग गालिचा उचलला
आणि हात तिथंच राहिला.

पत्र्यावर माती.
राखाडी, मऊ, मैद्याच्या चाळणीतून काढल्यासारखी,
आणि सेन्सरच्या कमरेएवढी
एक सरळ रेघ.
ही वाळू नव्हे. वाळू चपलेतून येते, दारातून येते.
ही वादीची माती:
वर्षभर दगडगोटे मिरवणारी कोरडी नदी
आणि एका दुपारी, वर डोंगरात कुठं पाऊस झाला म्हणून,
बोनेटएवढी.

गाडी कधी पाण्यात गेली होती?
“कधीच नाही,” काका म्हणाले. शपथेवर.
मागं त्यांचा मुहन्नद
बंद पडलेल्या फोनकडं टक लावून बघत होता.

कनेक्टर ओढला. एका पिनेवर हिरवं कीट,
तांब्याच्या भांड्याला चिंच लावायची राहून गेली तर येतं तसं.
“गंज आहे,” एवढंच म्हणालो.
सेन्सर आणायला जाताना पोराला बरोबर घेतलं.
किती होतं?
त्यानं हात गुडघ्याला लावला.
मग मांडीला.
मी म्हणालो, सेन्सर मी बदलतो.
उरलेलं तुझं तू बघ.

नवा बसला, पण त्याला शून्य शिकवावं लागतं
आणि त्यासाठी जमीन सपाट पाहिजे.
आमची फरशी गटाराकडं कललेली, धुवायला सोपी म्हणून.
शेजारच्या सुताराकडून पाणसळ आणली.
तो बुडबुडा मध्यावर यायला
उजव्या चाकांखाली प्लायवुड, त्यावर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर अजून एक पुठ्ठा.
मग सगळ्यांना सांगितलं,
दहा सेकंद कुणी हात लावायचा नाही,
दार ढकलायचं नाही.

सहाव्या सेकंदाला सिमेंटचा ट्रक गेला.
आकडा थरथरला. पुन्हा.

शफीकुलनं पंखा बंद केला.
काकांचा अंगठा तसबीच्या एका मण्यावर थांबला.
घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तो मी पुसला नाही.
शून्य पूर्णांक शून्य.

काका स्क्रीनकडं बघतच नव्हते.
ते बघत होते माझ्या गुडघ्यांकडं,
जिथं वाकून बसल्यानं
राखाडी दोन गोल उमटले होते.
मग मान न वळवता, अरबीत, हळू आवाजात:
“जिझी की हिल्ती?”

मी पाणसळ उचलली
आणि सुताराला परत द्यायला निघालो.
मागून पोराचा आवाज आला,
“हिल्ती, याबा.”